वरदचा उजवा पाय

पैज वरदच्या पायांवर लागली तेव्हा वरद त्याच पायांवर उभा होता, पण त्याला कुणी काही विचारलं नाही.

जागा म्हणजे पुनावळ्यातल्या एका सोसायटीचा सातवा मजला, लिफ्टसमोरची मोकळी जागा. रविवारची सकाळ. दिवाळीचा फराळ संपून डब्यात नुसता चिवड्याचा चुरा उरलेला. वरदचे वडील सुरेंद्र चपलांच्या रॅकपुढे उकिडवे बसले होते आणि समोरच्या फ्लॅटमधले उद्धवराव नाकाला उपरण्याचं टोक लावून त्यांच्या मागं उभे होते.

"सायेब, काय मेलंय का हितं?"

"मेलेलं काही नाही. वरदचे सेफ्टी शूज आहेत."

"म्हंजी जित्तं हाय. मंग तर आवघडच."

वरद चाकणच्या एका कंपनीत लाइनवर इंजिनिअर. सकाळी पावणेसहाला कोपऱ्यावरून कंपनीची बस, आठ तासांची शिफ्ट, वर चार तास ओव्हरटाइम, आणि एवढा वेळ पायात लोखंडी टोपीचे बूट. गणपतीपासून त्याच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या. आधी खाज, मग पांढरी भिजकी कातडी, मग भेगा, आणि मग असा वास की बसमध्ये त्याच्या शेजारची सीट रिकामी राहायची. नवीन मुलांना वाटायचं, साहेबांना मान म्हणून सोडतात.

तेवढ्यावर भागलं असतं. पण वरदचं लग्न ठरलं होतं. तुळशीचं लग्न लागलं की पुढच्या महिन्याभरातली तारीख. मुलगी चाकणची, अबोली. तिचे वडील आबाजी कांद्याचे आडते. आणि लग्नात सासू-सासरे नवरदेवाला पाटावर बसवून, भर मांडवात, त्याचे पाय धुतात. हल्ली तर समोर मोठ्या पडद्यावर ते लाइव्ह दाखवतात. वरदनं डोळे मिटले की तो पडदा दिसायचा. सासूबाईंनी तांब्या घेतला, बोटं फाकवली, आणि हात मागं घेतला.

शिवाय आत्तापर्यंत तीनदा तो आबाजींच्या घरी गेला होता आणि तिन्ही वेळा उंबऱ्याबाहेरूनच परत आला होता. आत जायचं तर बूट काढावे लागतात. घाई आहे, बस चुकेल, गाडी रस्त्यात लावलीय, अशी तीन कारणं तीन खेपांना वापरून झाली होती. चौथं सुचत नव्हतं.

"येवढ्या मोठ्या कंपनीत क्वालिटी बगता तुमी," उद्धवराव म्हणाले, "आन घरात पोराचं पाय चाललं सडत. ओव्याचं त्याल लावा. पंधरा दिसांत पाय कसं, धुतल्या तांदळावानी."

"उद्धवराव, या आजीबाईच्या गप्पा झाल्या. डेटा आहे का?"

"माझी आजी नव्वद वर्सं भातखाचरात उभी ऱ्हायली. एक चिखली न्हाई झाली."

"एक आजी म्हणजे सॅम्पल साइझ एक."

"दोन व्हत्या."

सुरेंद्र उठून उभे राहिले. ते एका पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीचे मॅनेजर होते आणि घरी आले तरी ते मॅनेजरपण उतरत नसे. त्यांच्या फ्रीजमध्ये दह्यालासुद्धा तारखेची चिठ्ठी असायची. उलट उद्धवरावांना काहीच काम नव्हतं. ज्या जमिनीवर ही सोसायटी उभी होती ती त्यांचीच. पार्किंगच्या जागी त्यांचा ऊस होता. बदल्यात चार फ्लॅट मिळाले, शेती गेली, आणि दिवसाचे चोवीस तास खोड्या काढायला मोकळे राहिले. मागच्या वर्षी त्यांनी लिफ्टमध्ये नोटीस लावली होती की वीजबचतीसाठी लिफ्ट यापुढं फक्त वर जाईल. दोन दिवस निम्मी सोसायटी जिन्यानं उतरत होती. त्यात सुरेंद्रही होते. ते अजून ते विसरले नव्हते.

"लावता पैज?" उद्धवराव म्हणाले.

"लावतो. पंधरा दिवस. एका पायाला तेल, एका पायाला नाही. तेलाचा पाय दुसऱ्यापेक्षा बरा दिसला पाहिजे. दोन्ही सारखे दिसले, तरी तुम्ही हरलात."

"मंजूर. डाव्याला माझं त्याल. उजव्याला?"

"काहीच नाही."

इथं वरदनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "काहीच नाही म्हणजे?"

"कंट्रोल सॅम्पल," सुरेंद्र म्हणाले. "एक नग तसाच ठेवावा लागतो. नाहीतर तुलना कशाशी करणार?"

"पप्पा, लग्नात दोन्ही पाय धुतात."

"पंधरा दिवसांनी उजव्याला डॉक्टरांचं क्रीम लावू. वेळ आहे."

क्रीम घरात होतंच. डॉक्टरांनी महिनाभर लावायला सांगितलं होतं. वरदनं चार दिवस लावलं, खाज थांबली, त्यानं क्रीम थांबवलं, आणि आठव्या दिवशी चिखल्या सहकुटुंब परत आल्या होत्या. त्यामुळं डॉक्टरांचं नाव घ्यायला त्याला तोंड नव्हतं.

वरदची आई पद्मा दारात येऊन उभी राहिली. "अहो, मुलगा आहे तो आपला. सॅम्पल काय?"

"दोन्ही पाय बरे झाले तर कशानं झाले ते कळणार कसं?"

"बरे झाले ते तरी कळेल!"

हा मुद्दा सुरेंद्रांच्या कुठल्याच फॉरमॅटमध्ये बसत नव्हता.

"आन हरनाऱ्यानं काय करायचं?" उद्धवरावांनी विचारलं. त्यांचा चेहरा एकदम साधा झाला होता. सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं की हा चेहरा दिसला की खिसे चाचपावेत. "मी सांगू? हरनाऱ्यानं जिकनाऱ्याचं पाय धुवायचं. लग्नातच. समद्यांसमोर."

सुरेंद्र नवरदेवाचे वडील. वरपित्यानं भर मांडवात शेजाऱ्याचे पाय धुवायचे, हे ऐकून पद्मानं कपाळाला हात लावला. पण सुरेंद्रांनी एवढंच विचारलं, "पाणी गरम की गार?"

"कोमट," उद्धवराव म्हणाले, आणि पैज लागली.

त्याच दुपारी उद्धवरावांनी कुकरची शिट्टी काढून तिथं रबरी नळी बसवली, नळी गार पाण्याच्या बादलीतून फिरवली आणि ओव्याचा अर्क काढायला बसले. दुर्गाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, कुकर परत मिळणार का एवढंच विचारून ठेवलं. तासाभरानं बाटलीत पाणी जमलं, वर तेलाचा थेंबही दिसेना.

म्हणून उद्धवराव बाटली घेऊन तिसऱ्या मजल्यावर तेजस्विनीबाईंकडं गेले. त्या फार्मसी कॉलेजात शिकवायच्या. वरदला नमुना म्हणून बरोबर नेलं होतं.

"ओवा कुठला घेतला काका?"

"दुर्गीच्या डब्यातला. असंल तीन वर्साचा."

"मग तेल केव्हाच गेलं त्यातलं. ही तेलं उडणारी असतात. उडतात म्हणून तर वास येतो. ताजा ओवा आणा, जरा भरडा, मग टाका."

ताज्या ओव्यानं काम केलं. संध्याकाळी बाटलीत बोटभर पिवळसर तेल तरंगत होतं आणि सातवा मजला पोटदुखीवरच्या औषधासारखा दरवळत होता. उद्धवरावांनी ते तसंच्या तसं वरदच्या डाव्या पायाला लावलं. वरद बाल्कनीत गेला, तिथून स्वयंपाकघरात, तिथून मोरीत, आणि नळाखाली पाय धरून त्यानं जे काय बोलायचं ते अर्ध्या मिनिटात बोलून घेतलं.

ओरडा ऐकून तेजस्विनीबाई धावत वर आल्या. "नुसतं लावलंत? काका, निम्म्याच्या आसपास थायमॉल असतं त्यात!"

"ते काय अस्तंय?"

"ओव्याच्या तेलातला मुख्य कामकरी. बाकी सायमीन, टर्पिनीन असे दोघं-तिघं असतात, पण खरं काम याचं. बुरशीच्या पेशीला पातळ पडदा असतो. हा त्यात घुसतो, पडदा ढिला करतो, आतलं सगळं बाहेर गळतं. बुरशी खलास."

"आपल्या वरच्या टाकीसारखं."

"तसंच. पण बुरशी कुठली आणि वरद कुठला, हे थायमॉलला कळत नाही. खोबरेलात पातळ करा. शंभर थेंबांत एक, फार तर दोन."

"मंग थोडी लवंग बी घालतो. आन गवती चहा हाय की कंपाउंडाला."

"लवंगेत युजेनॉल, गवती चहात सिट्राल. दोन्ही बुरशीवर चालतात. पण सगळं एकत्र घातलं तर कुणी काय केलं ते कळायचं नाही."

"करेक्ट," सुरेंद्र म्हणाले. त्या दिवसात त्यांना पटलेलं हे पहिलं वाक्य होतं.

"आणि वरद, भेग पडली, सुजलं, तर पैज गेली खड्ड्यात. सरळ डॉक्टरकडं जायचं," तेजस्विनीबाई म्हणाल्या. वरदनं मान हलवली. त्याला त्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी माणूस म्हणून हाक मारली होती.

दुसऱ्या दिवसापासून काम शिस्तीत सुरू झालं. फ्रीजवर चेकशीट लागलं. तारीख, एल-एच म्हणजे डावा, आर-एच म्हणजे उजवा, खाज, कातडी, वास, शेरा, तपासणार, मंजुरी. मंजुरीच्या रकान्यात पद्मानं सही करायची होती. ती तिथं दुधाचा हिशेब लिहायची. रोज संध्याकाळी वरद पाय धुऊन कोरडे पुसून सोफ्यावर आडवा व्हायचा, सुरेंद्र दोन पायांच्या मधे स्टीलची पट्टी ठेवून फोटो काढायचे आणि उद्धवराव शेजारी बसून डाव्या पायाला नावं ठेवू द्यायचे नाहीत.

"ह्ये बगा, करंगळीपाशी किती उजळलंय."

"लाइट आहे तो."

दोन दिवसांत उद्धवरावांनी नवा मुद्दा काढला. "पायाला त्याल लावतो, पन सकाळी पाय जातोय त्याच घाणीत. बुटातली बुरशी मारल्याबिगर पाय बरा व्हनार कसा? डाव्या बुटात राती त्यालाचा बोळा ठेवनार मी."

सुरेंद्रांनी विचार केला. मुद्दा बरोबर होता, म्हणूनच त्यांना संशय आला. "डाव्यात बोळा ठेवा. पण बूट बाहेर रॅकवर राहणार नाहीत. तुमचा भरवसा नाही. उद्या उजव्यातही टाकाल दोन थेंब, मी जिंकू नये म्हणून."

"उजव्यात टाकल्यावर तर मीच हरंन की! दोनी सारखं व्हतील."

"तुमचं काही सांगता येत नाही. तुम्ही लिफ्ट एका दिशेनं चालवली होती."

तर असं ठरलं. वरद घरी आला की बूट आत घ्यायचे. डाव्यात तेलाचा बोळा, उजवा रिकामा. दोन्ही बूट एकाच मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचे. पार्ट पॅक करायची जाड पिशवी सुरेंद्रांनी आणलीच होती. एकच पिशवी का, तर दोन्ही नग सारख्याच परिस्थितीत राहिले पाहिजेत. पिशवीचं तोंड पिळून टेप, टेपवर वेळ आणि सुरेंद्रांची सही. कंपनीत सॅम्पल असंच सील करतात. पहाटे वरद सुरेंद्रांना उठवायचा, सुरेंद्र सही तपासायचे, टेप कापायचे, कापलेली टेप चेकशीटच्या मागं चिकटवायचे, आणि मग वरदला स्वतःचे बूट मिळायचे.

बस दोनदा चुकली.

याच काळात आबाजींचा फोन आला. "व्याहीबुवा, एक इचारू का? जावईबापूंना आमचं घर पसंत न्हाई का? बायको म्हनते, पोरगा उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत न्हाई. काय कमी पडलं आसंल तर सांगा. फरशी बदलू."

सुरेंद्र म्हणाले, "तपासणी चालू आहे, पंधरा दिवसांत कळवतो," आणि फोन ठेवला. पलीकडं आबाजींच्या घरी त्या दिवशी कुणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी अबोलीनं वरदला रावेतला चहाच्या टपरीवर बोलावलं. ती आली, बसली नाही.

"वरद, सरळ सांग. तुला हे लग्न करायचं नाहीये का?"

"करायचंय ना!"

"मग घरात का येत नाहीस? आणि तपासणी कसली चाललीय तुमच्याकडं? माझी?"

वरदनं इकडंतिकडं बघितलं. टपरीवाला भांडं घासत होता. "मला चिखल्या झाल्यात," तो म्हणाला.

अबोलीनं त्याच्या बुटांकडं बघितलं. "कुठल्या पायाला?"

"दोन्ही. पण डाव्यालाच औषध चालू आहे."

"आणि उजव्याला?"

"उजवा कंट्रोल आहे."

त्यानं सगळं सांगितलं. पैज, कुकर, बोळा, टेप, सही. अबोलीनं ते सगळं ऐकून घेतलं आणि मग ती बसली.

"माझे बाबा फरशीवाल्याला बोलावून बसलेत," ती म्हणाली. "आमच्या वखारीत कांद्यावर काळी काजळी धरते, ती रोज बघतात ते. चिखल्यांनी त्यांना काही होणार नाही. पण आईला स्वच्छतेचं वेड आहे. तिनं तुझे पाय धुताना हात मागं घेतला ना, तर लग्नाच्या व्हिडिओत जन्मभर तेच राहील."

"मला ठाऊक आहे. मला रोज दिसतं ते."

"मग उजव्याला गुपचूप लाव ना तेल."

वरदच्या मनात हे आलं नव्हतं असं नाही. रोज यायचं. पण सुरेंद्रांनी लहानपणापासून त्याच्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा "तपासले, खाडाखोड नाही" असा शेरा मारलेला. खोटी एन्ट्री त्याच्यानं होत नव्हती. त्यानं अबोलीला सांगितलं की पंधरा दिवस होऊ दे. ती म्हणाली, "पंधरा म्हणजे पंधरा. सोळाव्या दिवशी मी स्वतः क्रीम घेऊन येईन," आणि चहा पिऊन गेली. फरशीचं काम तिनं थांबवलं, कारण मात्र घरी सांगितलं नाही.

नवव्या दिवशी लाइनवर उभं असताना वरदच्या लक्षात आलं की उजवा पाय खाजत नाहीये. त्यानं बुटात बोटं हलवून बघितली. काही नाही. त्या संध्याकाळी त्यानं उजव्याच्या रकान्यात खाज "कमी" अशी नोंद केली. बाराव्या दिवशी "नाही". सुरेंद्रांनी दोन्ही नोंदींवर बरोबरची खूण केली. जेवताना त्यांनी एक पोळी जास्त घेतली.

पंधराव्या दिवशी, रविवारी सकाळी, लिफ्टसमोर खुर्ची मांडली. वरद खुर्चीत, पाय स्टुलावर. सुरेंद्र, पद्मा, उद्धवराव, दुर्गाबाई, आणि त्याच मजल्यावरची दोन माणसं जी फक्त लिफ्टची वाट बघत होती. सुरेंद्रांनी एकेक बेचकं फाकवून टॉर्च मारला. डावा पाय स्वच्छ. उजवा पाय स्वच्छ. गेल्या तीन महिन्यांत वरदनं आपली दहाही बोटं एकदम अशी बघितली नव्हती. त्याला वाटलं, उठून नाचावं. पण नाचण्याचा रकाना नव्हता.

"सारखे," सुरेंद्र म्हणाले. "तेल लावलेला आणि न लावलेला, दोन्ही सारखे. म्हणजे तेलानं काही झालेलं नाही. रोज पाय कोरडे ठेवले, आपोआप गेलं. उद्धवराव, तुम्ही हरलात."

उद्धवरावांनी वरदकडं बघितलं. "भावा, देवाशपत सांग. उजव्याला लावलंस?"

"नाही काका. अबोलीशपथ."

"मंग हरलो," उद्धवराव म्हणाले. आवाज लहान झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा ते खरं बोलले होते आणि तेच खोटं ठरलं, याचं त्यांना वाईट वाटत होतं.

लिफ्ट उघडली आणि तेजस्विनीबाई आल्या. त्यांनी पाय बघितले, चेकशीट बघितलं, मागं चिकटवलेल्या टेपा बघितल्या. "या टेपा कसल्या?"

सुरेंद्रांनी मोठ्या अभिमानानं सीलबंद पिशवी आणली. सही दाखवली, वेळ दाखवली, सगळ्यांसमोर टेप कापली. पिशवीचं तोंड उघडलं आणि ओव्याचा असा भपकारा आला की लिफ्टची वाट बघणारी माणसं जिन्यानं खाली गेली.

तेजस्विनीबाईंनी उजवा बूट उचलला, नाकाशी धरला आणि सुरेंद्रांच्या नाकाशी नेला. "कसला वास येतोय?"

"ओव्याचा."

"यात तेल टाकलं होतं?"

"एक थेंब नाही! माझं सील आहे."

"टाकलं नव्हतं, कोंडलं होतं. उडणारं तेल आहे हे. डाव्यातल्या बोळ्यातून रोज रात्री उडत होतं आणि तुमच्या सीलमुळं बाहेर जायला वाट नव्हती. उजव्या बुटात जाऊन बसलं. बुरशीला तेल अंगाला लागायलाच हवं असं नाही, वाफ पुरते."

सुरेंद्रांनी बूट परत हुंगला. "कशावरून?"

"तुम्हीच करून बघा. दोन डबे. दोन्हीत ब्रेडची स्लाइस, पाण्याचा हबका. एका झाकणाला आतून तेलाचा बोळा, ब्रेडला लागू द्यायचा नाही. दुसऱ्याला कोरडा. आणि दोन डबे दोन खोल्यांत ठेवा, हात जोडते, एका पिशवीत नको."

दरम्यान उजव्या पायाला क्रीम सुरू झालं, डाव्यालाही झालं; तेजस्विनीबाईंनी दोन्ही पायांना महिनाभर असं बजावून सांगितलं. बूट आता गॅलरीत उन्हात, मोकळे. वरद चाकणला गेला, उंबऱ्यापाशी बूट काढले, मोजे काढले, आणि अनवाणी सगळ्या घरातून फिरून आला. आबाजींनी विचारलं, "फरशी पसंत हाय?" वरद म्हणाला, "फार छान आहे." अबोली आत जाऊन हसून आली.

सहाव्या दिवशी डबे उघडले. डबे सुरेंद्रांनीच भरले होते, सील त्यांचं, सही त्यांची. कोरड्या बोळ्याच्या डब्यात ब्रेडला हिरवी-काळी लव आली होती, मांजराच्या पिल्लासारखी. तेलाच्या बोळ्याच्या डब्यात ब्रेड होता तसाच पांढरा. सुरेंद्र बराच वेळ दोन्ही डबे आळीपाळीनं बघत राहिले. मग त्यांनी पेन काढलं आणि चेकशीटवर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: एक नापास, एक पास.

"म्हंजी मी जिकलो?" उद्धवरावांनी तेजस्विनीबाईंना विचारलं.

"जिंकलात असंही नाही काका. वाफेनंच पाय बरा झाला असं मी म्हणणार नाही. पाय रोज पुसले, बूट सुधारले, सगळ्याचा वाटा असेल. पण वाफ तिकडं पोचली हे नक्की. तुलनेला ठेवलेला पायच मोकळा राहिला नाही, तर निकाल कसला?"

"मंग हरलं कोन?"

पद्मानं ओट्यावरून विचारलं, "अहो, तुमच्या कंपनीत कंट्रोल सॅम्पल कुणी बिघडवलं तर काय करता?"

"ज्याच्या सहीचं सील असेल, जबाबदारी त्याची," सुरेंद्र म्हणाले. वाक्य पूर्ण झाल्यावर त्यांनी चेकशीट उलटं केलं. मागं ओळीनं टेपा. सगळ्या त्यांच्याच सहीच्या.

त्यांनी परत पेन उघडलं, शेऱ्याच्या रकान्यात "हरलो. कोमट पाणी" असं लिहिलं आणि उद्धवरावांना दाखवलं. उद्धवरावांनी दुसऱ्या दिवसापासून ही बातमी पुनावळ्यात दूधवाल्यापासून देवळातल्या गुरवापर्यंत सगळ्यांना सांगितली.

लग्न रावेतच्या हॉलमध्ये. पाय धुण्याची वेळ झाली. वरद पाटावर बसला, मोठ्या पडद्यावर त्याचे दोन पाय आले, हत्तीएवढे. आबाजींनी तांब्यातून धार सोडली. सासूबाईंनी डावा पाय हातात घेतला, बोटं फाकवली, नीट बघितलं. मग त्यांनी उजवा घेतला, बोटं फाकवली, तिथंही बघितलं, आणि हात न काढता अंगठ्यापासून करंगळीपर्यंत मायेनं चोळून धुतला.

"किती निगा ठेवलीय बाई पायांची," त्या अबोलीच्या बाबांना म्हणाल्या. "कोण ठेवतंय हल्ली?"

पलीकडं अबोलीनं पदर तोंडाला लावला.

एवढ्यात सुरेंद्र स्टेजवर आले. कोट काढलेला, बाह्या कोपरापर्यंत, एका हातात पाट, दुसऱ्या हातात तांब्या. मागून पद्मा परात आणि टॉवेल घेऊन, चेहऱ्यावर काहीही न आणता. सुरेंद्रांनी पाट मांडला आणि पहिल्या रांगेकडं बघून हाक मारली, "उद्धवराव, या."

तीनशे माणसं वळली. उद्धवराव नवा फेटा बांधून बसले होते. गेला पंधरवडा ज्या माणसानं गावभर हे सांगितलं होतं, तो माणूस आता खुर्चीला घट्ट धरून बसला.

"आवो सायेब, मस्करी व्हती ती. तुमी वरबाप. सोडा."

"पैज बंद करायची राहिलीय. या."

"लोक काय म्हनतील?"

"ते तुम्हीच ठरवलं होतं, लोकांसमोर."

दुर्गाबाईंनी मागून त्यांना ढोसलं. "जा आता. कुकर नासताना लाजला न्हाईत."

उद्धवराव स्टेजवर चढले, पाटावर बसले, आणि बूट काढताना कळलं की डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलाय. कॅमेरावाल्याला काही माहीत नव्हतं; त्याला वाटलं विधी आहे. मोठ्या पडद्यावर तो अंगठा आला. उद्धवरावांनी फेट्याचा शेमला तोंडापुढं घेतला.

सुरेंद्रांनी तांब्यात बोट घालून पाणी तपासलं. कोमट होतं. त्यांनी डावा पाय धुतला, उजवा धुतला, टाचांच्या भेगांतून बोट फिरवलं, प्रत्येक बेचकं फाकवलं. उद्धवरावांना गुदगुल्या होत होत्या आणि हसता येत नव्हतं, त्यामुळं डोळ्यांतून पाणी आलं. चाकणच्या बायका म्हणाल्या, बघा, माणूस भरून आला.

भटजींनी मंत्र थांबवला. "ही तुमच्याकडची पद्धत का?"

"हो," सुरेंद्र म्हणाले. "सोसायटीची."

आबाजी गडबडले. मुलीकडचे म्हणून आपलं काही चुकायला नको, असं त्यांच्या मनात आलं असावं. त्यांनी रिकामा तांब्या उचलला, वरदच्या कानाशी वाकले आणि दबक्या आवाजात विचारलं, "जावईबापू, ह्यांचे आमीबी धुवायचे का?"

वरद काही बोलायच्या आत खालूनच सुरेंद्र म्हणाले, "नको व्याहीबुवा. एकदाच ठरलंय." आणि त्यांनी पद्माकडं टॉवेलसाठी हात केला, उद्धवरावांचा पाय मांडीवर घेतला आणि करंगळीपासून सुरुवात करून एकेक बोटाची मधली जागा कोरडी करायला घेतली.